वर्ना कर्कनेस : शाळा कोणाची, हे ठरवण्याचा हक्क

मैथिली_रा (धागालेखिका)

कॅनडातील मूलनिवासी समाजांच्या शिक्षणाविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, ते बहुधा निवासी शाळांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. त्या शाळांनी केलेली हानी पाहता हे समजण्यासारखे आहे. सुमारे दीड लाख मुले आईवडिलांपासून तोडून, सरकारच्या पैशावर आणि बहुतांशी चर्चच्या देखरेखीखाली चालणाऱ्या वसतिगृहांत ठेवली गेली. स्वतःची भाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा होत असे आणि त्यांतील कित्येक मुले घरी परतलीच नाहीत. मात्र या शाळा एकेक करून बंद होत असताना त्यांच्या जागी काय उभे राहावे, हा प्रश्न ज्यांनी हाती घेतला, त्यांची ओळख आपल्याकडे जवळजवळ नाही. म्हणून क्री या मूलनिवासी समाजातील शिक्षिका वर्ना कर्कनेस यांच्या कामावर हा धागा काढत आहे.

त्यांचा जन्म १९३५ सालचा, मॅनिटोबा प्रांतातील फिशर रिव्हर या क्री वस्तीतला. विनिपेग शहराच्या उत्तरेस, विनिपेग सरोवराच्या पश्चिम बाजूला असलेली ही वस्ती नॉर्वे हाऊस या उत्तरेकडील वस्तीहून दक्षिणेकडे आलेल्या क्री कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसवली. हा सारा प्रदेश सरकारने मूलनिवासींशी केलेल्या १८७५च्या ‘पाचव्या करारा’त मोडतो. त्या करारात शाळांविषयी एक कलम आहे, आणि पुढचे सगळे समजून घेण्यासाठी ते लक्षात ठेवावे असे मला वाटते : सरकारला उचित वाटेल त्याप्रमाणे, आणि राखीव क्षेत्रातील (म्हणजे मूलनिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवरील) लोकांची तशी इच्छा असेल तेव्हा, त्यांच्यासाठी शाळा चालवण्याचे वचन ब्रिटिश राणीच्या वतीने त्यात दिलेले आहे. लोकांची इच्छा ही अट करारातच लिहिलेली होती. पुढे १९२०मध्ये ‘इंडियन अॅक्ट’मध्ये, म्हणजे मूलनिवासींना (तेव्हाच्या भाषेत ‘इंडियन’) लागू असलेल्या केंद्रीय कायद्यात, दुरुस्ती झाली आणि सात ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना सरकार सांगेल त्या शाळेत पाठवणे पालकांवर बंधनकारक झाले. इच्छेची जागा सक्तीने घेतली. कर्कनेस यांच्या आयुष्यभराच्या कामाकडे मी तरी, करारातील ती हरवलेली अट परत मिळवण्याचा प्रयत्न म्हणून पाहते.

त्या १९५०च्या दशकात शिक्षिका झाल्या. मॅनिटोबातील लहान वस्त्यांच्या शाळांत त्यांनी शिकवले, तसेच बर्टल आणि नॉर्वे हाऊस येथील निवासी शाळांच्या व्यवस्थेतही काम केले. पुढे उत्तर मॅनिटोबातील दूरदूरच्या शाळांसाठी स्थापन झालेल्या फ्रंटियर शाळा विभागात त्या प्राथमिक शाळांच्या पर्यवेक्षिका होत्या. एकेका वस्तीत जाऊन वर्ग पाहायचे, शिक्षकांशी बोलायचे, पुस्तके तपासायची, असे ते काम होते. इंग्रजीचा गंध नसलेले क्री किंवा ओजिब्वे (मॅनिटोबातील आणखी एक मूलनिवासी समाज) मूल पहिल्या दिवशी वर्गात येते, तेव्हा शिक्षकाला त्याच्या भाषेतला एकही शब्द येत नसतो, हे त्यांनी शिक्षिका म्हणून आणि पर्यवेक्षिका म्हणून वारंवार पाहिले. त्यांच्या नंतरच्या धोरणलेखनाला जे वजन आहे, ते या अनुभवातून आलेले आहे.

१९६९मध्ये पंतप्रधान पियरे ट्रूडो यांच्या सरकारने, ज्याँ क्रेतियाँ मूलनिवासी खात्याचे मंत्री असताना, एक श्वेतपत्रिका मांडली. इंडियन अॅक्ट रद्द करावा, वेगळा कायदेशीर दर्जा संपवावा आणि शिक्षणासह सर्व सेवा प्रांतांकडे सोपवाव्यात, असे तिचे सार होते. वरवर पाहता हा समतेचा प्रस्ताव होता, परंतु त्यामुळे करारांनी दिलेले हक्कही पुसले जाणार होते. देशभर विरोध उसळला. अल्बर्टातील क्री नेते हॅरल्ड कार्डिनल यांचे नाव त्या संदर्भात अनेकांनी ऐकले असेल. मॅनिटोबात डेव्ह कोर्शेन यांच्या नेतृत्वाखालील मॅनिटोबा इंडियन ब्रदरहूड या संघटनेने १९७१मध्ये ‘वाबुंग’ नावाचा स्वतःचा आराखडा प्रसिद्ध केला. त्या काळात संघटनेच्या शिक्षणविभागाची धुरा कर्कनेस यांच्याकडे होती. बालवर्गापासून क्री आणि ओजिब्वे भाषांतून शिकवण्याचे प्रयोग मॅनिटोबातील काही शाळांत सुरू झाले, त्यामागेही त्यांचा पुढाकार होता. शाळांतील समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मूलनिवासींचे चित्रण किती विकृत आहे, याची तपासणीही याच संघटनेने त्या दशकात करून प्रसिद्ध केली.

त्यानंतर त्या राष्ट्रीय पातळीवरील नॅशनल इंडियन ब्रदरहूडमध्ये शिक्षणप्रमुख झाल्या. जॉर्ज मॅन्युएल तेव्हा अध्यक्ष होते. डिसेंबर १९७२मध्ये या संघटनेने ‘इंडियन कंट्रोल ऑफ इंडियन एज्युकेशन’ हे धोरणपत्र सरकारला सादर केले आणि फेब्रुवारी १९७३मध्ये क्रेतियाँ यांनी ते स्वीकारल्याचे जाहीर केले. देशभरातील प्रांतीय संघटनांच्या मागण्यांतून आकाराला आलेल्या या दस्तऐवजात कर्कनेस यांचा वाटा मोठा आहे. त्याचे मुख्य आधार दोन : मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी पालकांची आहे, आणि शाळांचे नियंत्रण स्थानिक समाजाच्या हाती असले पाहिजे. जबाबदारी, अभ्यासक्रम, शिक्षक आणि इमारती-सुविधा अशा चार अंगांनी त्यात मागण्या मांडल्या आहेत. हे पत्र वाचताना मला जाणवलेले वैशिष्ट्य असे की, त्यात तक्रारीचा सूर फार कमी आणि कामाचा तपशील फार जास्त आहे. शिक्षकांना कोणते प्रशिक्षण हवे, शाळा मंडळावर कोण बसावे, मूलनिवासी भाषा जाणणाऱ्या व्यक्तीला औपचारिक पदवीअभावी वर्गाबाहेर का ठेवू नये, अशा प्रश्नांना ते थेट हात घालते.

१९८१मध्ये त्या व्हँकूव्हरला युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियात गेल्या. तेथे मूलनिवासी शिक्षक घडवणारा अभ्यासक्रम त्यांनी सांभाळला, १९८४मध्ये शैक्षणिक प्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू केले, आणि १९८७मध्ये स्थापन झालेल्या ‘फर्स्ट नेशन्स हाऊस ऑफ लर्निंग’च्या (‘फर्स्ट नेशन्स’ म्हणजे पूर्वी ‘इंडियन’ म्हटले जाणारे मूलनिवासी समाज) त्या पहिल्या संचालक झाल्या. १९९३मध्ये विद्यापीठाच्या आवारात देवदाराच्या प्रचंड खांबांचे लाँगहाऊस (पारंपरिक पद्धतीचे लांबट सामुदायिक घर) उभे राहिले. ते मस्कीम या तेथील मूलनिवासी लोकांच्या भूमीवर आहे, आणि मूळच्या मॅनिटोबातील क्री असलेल्या कर्कनेस यांनी ते किनारपट्टीच्या परंपरेनुसार उभारले जाईल याची काळजी घेतली, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. त्यांना १९९८मध्ये ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ने गौरवण्यात आले.

सरकारने १९७३मध्ये धोरण मान्य केले, तरी नियंत्रण खरोखर हस्तांतरित झाले का, हा मला या कामातला सर्वांत अवघड प्रश्न वाटतो. त्यावर आणि एकूणच या विषयावर जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

उत्तररंग

मैथिलीताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी विनिपेगमध्ये राहतो. येथील मराठी कुटुंबांतील मुलेही ३० सप्टेंबरला निवासी शाळांतील मुलांच्या स्मरणार्थ नारिंगी सदरे घालून शाळेत जातात. २०२१पासून हा दिवस केंद्र सरकारने ‘सत्य आणि सलोखा दिन’ म्हणून पाळायला सुरुवात केली आहे. मुले घरी येऊन प्रश्न विचारतात आणि आपल्यापाशी उत्तरे नसतात, म्हणून असे लेखन आमच्यासारख्यांना फार उपयोगी आहे. या देशात नंतर आलेल्या आपल्यासारख्यांनी ज्या भूमीवर घरे घेतली, ती कोणत्या करारान्वये मोकळी झाली आणि त्या करारातील कोणती वचने पाळली गेली नाहीत, हे जाणून घेणे हे आपले कर्तव्य आहे, अशी माझी धारणा आहे. विनिपेग ‘पहिल्या करारा’च्या प्रदेशात येते आणि त्या करारातही शाळेचे वचन आहे.

उत्तर मॅनिटोबातील अंतरांची कल्पना नकाशावरून येत नाही. काही वस्त्यांना बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून वाट तयार होते, एरवी विमान. अशा वस्तीत बारावीपर्यंतची शाळा नसेल, तर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने शिक्षणासाठी घर सोडून शहरात अनोळखी कुटुंबाकडे राहायचे, एवढाच पर्याय उरतो. निवासी शाळा बंद झाल्या तरी शिकण्यासाठी घर सोडणे अनेक मुलांना चुकलेले नाही.

केतन_प

उत्तम लेख. एक शंका मांडतो आणि ती प्रामाणिक आहे. १९५०-६०च्या दशकांत सरकारने निवासी शाळा कमी करून मूलनिवासी मुलांना प्रांतांच्या सर्वसाधारण शाळांत गोऱ्या मुलांबरोबर बसवण्याचे धोरण घेतले होते. त्याच सुमारास अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळांत प्रवेश मिळावा म्हणून चळवळ चालू होती आणि आपण सारे त्या चळवळीच्या बाजूचे आहोत. मग इकडे एकत्र शाळांना विरोध का झाला? वेगळ्या शाळा मागण्यात मुले कायमची बाजूला पडण्याचा धोका नव्हता का?

मैथिली_रा

केतन, आपला प्रश्न अगदी मर्माचा आहे, आणि १९७२च्या पत्रात त्याचे उत्तर दिलेले आहे.

एकत्र शाळांची पद्धत अशी होती : केंद्र सरकार प्रांताशी किंवा जवळच्या शाळा मंडळाशी करार करायचे, ठरावीक जागांचे पैसे भरायचे आणि राखीव क्षेत्रातील मुले बसने तिकडे जायची. या करारात पालकांना कोणी विचारत नसे. बहुतेक ठिकाणी राखीव क्षेत्रातील लोकांना त्या शाळा मंडळाच्या निवडणुकीत मत देता येत नसे किंवा मंडळावर त्यांचा प्रतिनिधीही नसे. म्हणजे मुलांचे पैसे शाळेला मिळत, पण शाळेत काय शिकवावे यावर त्यांच्या आईवडिलांचा काहीही अधिकार नसे. पाठ्यपुस्तके तीच, शिक्षक तेच. बदलायचे ते फक्त मूलनिवासी मुलाने. धोरणपत्राचा आक्षेप या एकतर्फीपणावर आहे. पालकांना हवे असेल तर मुलांनी प्रांताच्या शाळेत जावे, मात्र त्या शाळेच्या मंडळावर त्यांना प्रतिनिधित्व मिळावे, असे ते पत्र स्पष्टपणे म्हणते. त्यामुळे तेथे वेगळ्या शाळेचा आग्रह नाही, निर्णयाच्या हक्काचा आहे.

या धोरणांचे फळ काय होते, हेही पाहावे. सरकारनेच नेमलेल्या हॉथॉर्न समितीने १९६६-६७च्या अहवालात नोंदवले की, पहिलीत दाखल झालेल्या मूलनिवासी मुलांपैकी सुमारे ९४ टक्के मुले बारावीपर्यंत पोहोचतच नाहीत. शंभरातील चौऱ्याण्णव मुले गळत असतील, तर दोष मुलांत शोधणे हा बुद्धीचा अपमान आहे.

आणि कर्कनेस एकट्या नव्हत्या. जुलै १९७०मध्ये अल्बर्टातील सेंट पॉल गावाजवळच्या ब्लू क्विल्स निवासी शाळेत क्री पालकांनी ठिय्या दिला. सरकार ती शाळा बंद करून मुलांना गावातील शाळेत पाठवणार होते. लोकांनी इमारत सोडली नाही, आणि काही आठवड्यांत शाळेचा ताबा त्यांच्या शिक्षण मंडळाकडे आला. कॅनडातील मूलनिवासींनी स्वतः चालवलेली ती पहिली शाळा. जिथे मुलांच्या तोंडची भाषा बंद केली गेली, त्याच वास्तूत आज त्यांच्या समाजाचे विद्यापीठ चालते. १९७२च्या धोरणपत्राला आत्मविश्वास मिळाला, तो अशा घटनांमुळेही.

निवृत्त_मास्तर

मी आयुष्यभर शिकवण्याचे काम केले, म्हणून मला या कहाणीतील शिक्षक घडवण्याचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. ब्रिटिश कोलंबियातील तो शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम १९७४मध्ये, म्हणजे कर्कनेस तेथे जाण्यापूर्वी, सुरू झाला होता. त्याची रचना विचारपूर्वक केलेली आहे. विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी व्हँकूव्हरला न बोलावता, प्रांतातील निरनिराळ्या भागांत केंद्रे काढून सुरुवातीची दोन वर्षे घराजवळ शिकवले जाते, आणि मग ते मुख्य आवारात येतात. विद्यार्थ्यांत घरदार सांभाळणाऱ्या स्त्रियाही असत. मुलेबाळे असलेल्या बाईला चार वर्षांसाठी गाव सोडायला सांगणे म्हणजे तिला शिकू नको असे सांगण्यासारखेच आहे.

कर्कनेस यांनी अलास्कातील रे बार्नहार्ट यांच्यासह १९९१मध्ये लिहिलेला निबंध आजही शिक्षणशास्त्राच्या वर्गांत वाचला जातो. आदर, समर्पकता, परस्परता आणि जबाबदारी या चार तत्त्वांवर तो आधारलेला आहे. विद्यापीठे नेहमी विचारतात, हे विद्यार्थी गळतात का आणि त्यांना टिकवायचे कसे. निबंधात हा प्रश्न उलट बाजूने पाहिला आहे : विद्यार्थ्याला येथे येऊन नेमके काय मिळते, त्याच्यापाशी असलेल्या ज्ञानाला येथे ज्ञान मानले जाते का, आणि शिकवणारा त्याच्याकडून काही शिकायला तयार आहे का? यांतील परस्परता मला सर्वांत कठीण वाटते. अभ्यासक्रमात दोन धडे वाढवून समर्पकता आणता येईल. परंतु वर्गातील मुलाला आपल्यापेक्षा वेगळे आणि मौल्यवान असे काही ठाऊक आहे, असे मानून वर्गात उभे राहण्यासाठी शिक्षकाला स्वतःला घडवावे लागते.

एक प्रश्न मात्र मनात आहे, तो विचारतो. ज्या निवासी शाळांनी एवढे नुकसान केले, तेथे त्या स्वतः शिक्षिका होत्या. चळवळीतील लोकांनी आणि त्यांनी स्वतः याकडे कसे पाहिले?

मैथिली_रा

मास्तर, त्यांनी आपल्या आत्मकथनात या काळाविषयी लिहिले आहे आणि तो भाग लपवलेला नाही. त्यांचे आत्मकथन २०१३मध्ये मॅनिटोबा विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढले. माझे मत असे की, १९५०च्या दशकात शिक्षिका झालेल्या क्री तरुणीपुढे आपल्या लोकांच्या मुलांना शिकवण्याच्या जागा फार थोड्या होत्या आणि त्या सगळ्या या ना त्या प्रकारे सरकारी किंवा चर्चच्या यंत्रणेतच होत्या. त्या यंत्रणेत राहून मुलांशी माणुसकीने वागणारी एक व्यक्ती असणे हे त्या मुलांसाठी लहान नव्हते. पण व्यक्ती चांगली असल्याने यंत्रणा बदलत नाही, हेही त्यांना तेथेच कळले असणार, असे मला त्यांच्या नंतरच्या कामावरून वाटते. कारण १९७०नंतर त्यांनी चांगल्या शिक्षकांची मागणी कधीही नियंत्रणाच्या मागणीपासून सुटी केली नाही.

सायली_द

या चर्चेत स्त्रियांच्या हक्कांचा एक धागा जोडते, कारण तो शिक्षणाशी अगदी जवळून गुंफलेला आहे.

इंडियन अॅक्टच्या कलम १२(१)(ब) अन्वये, ‘इंडियन’ असा कायदेशीर दर्जा असलेल्या स्त्रीने तो दर्जा नसलेल्या पुरुषाशी लग्न केले, तर तिचा दर्जा जात असे. पुरुषाने तसे लग्न केले, तर त्याचा दर्जा कायम राहून उलट त्याच्या पत्नीलाही दर्जा मिळे. दर्जा गेला की राखीव क्षेत्रात राहण्याचा हक्क गेला, आणि मुलांचा केंद्राच्या खर्चाने शिकण्याचा हक्कही गेला. म्हणजे आईच्या लग्नावरून मुलाची शाळा ठरत होती. याच कायद्याच्या १८७६च्या मूळ रूपात, विद्यापीठाची पदवी घेणारा इंडियन माणूस आपोआप दर्जा गमावेल अशी तरतूद होती. ती काही वर्षांत सैल करण्यात आली, तरी शिकणे म्हणजे आपल्या माणसांतून उठून जाणे, ही भीती त्यातून पिढ्यान्‌पिढ्या उरली, यात नवल नाही.

या कलमाविरुद्ध अल्बर्टातील क्री स्त्रियांनी दीर्घकाळ लढा दिला. सॅडल लेकच्या नेली कार्लसन आणि त्यांच्या सहकारी जेनी मार्गेट्स, कॅथलीन स्टाइनहाउअर यांची नावे त्यात अग्रभागी आहेत. येथे एक कटू सत्य सांगितलेच पाहिजे. १९७३मध्ये याच कलमामुळे दर्जा गमावलेल्या जॅनेट लाव्हेल यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा नॅशनल इंडियन ब्रदरहूड त्यांच्या विरुद्ध बाजूने उभी राहिली, आणि लाव्हेल पाच विरुद्ध चार मतांनी हरल्या. ज्या संघटनेने काही महिन्यांपूर्वी पालकांच्या हक्काचे एवढे सुंदर धोरण लिहिले, तिनेच या मातांच्या हक्काला विरोध केला. इंडियन अॅक्टचा एक भाग न्यायालयाने रद्द केला तर सरकार श्वेतपत्रिकेचा बेत पुन्हा पुढे रेटेल, अशी नेत्यांना भीती होती. ती भीती समजून घेतली तरी त्याची किंमत स्त्रियांनी आणि त्यांच्या मुलांनी चुकवली. पुढे १९८१मध्ये, तसाच दर्जा गमावलेल्या सँड्रा लव्हलेस यांच्या प्रकरणात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने कॅनडाला दोषी ठरवले आणि १९८५मध्ये कायदा बदलला. उरलेली विषमता बरीचशी दूर होण्यास २०१७चा कायदा आणि त्याची २०१९मधील पूर्ण अंमलबजावणी यांची वाट पाहावी लागली. नेली कार्लसन यांच्या नावाने आज एडमंटनमध्ये शाळा आहे.

मैथिली_रा

सायली, हा मुद्दा धाग्यात यायलाच हवा होता. ‘पालकांची जबाबदारी’ हे तत्त्व लिहिताना पालक कोणाला मानायचे, हे त्या काळी कायदाच ठरवत होता, आणि कायद्याने हजारो आयांना त्या व्याख्येबाहेर ठेवले होते. १९७२चे धोरणपत्र मला कितीही मोलाचे वाटत असले, तरी त्याच्या या मर्यादेकडे डोळेझाक करता येत नाही.

अक्षरवेध

क्री भाषेच्या लिपीविषयी थोडे लिहितो, कारण मराठी वाचकांशी त्याचा एक खरा संबंध आहे. मैथिली यांनी उल्लेखिलेल्या नॉर्वे हाऊस येथेच १८४०मध्ये जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने क्री अक्षरमाला छापून वापरात आणली. छापण्यासाठी चहाच्या पेट्यांतले शिसे वितळवून खिळे पाडले गेले. या लिपीत व्यंजनासाठी एक आकृती असते आणि ती कोणत्या दिशेला वळवली आहे, त्यावरून स्वर कळतो. अभ्यासकांच्या मते इव्हान्स यांच्या रचनेमागे लघुलिपीबरोबर देवनागरीची ओळखही होती. व्यंजन आणि स्वर यांना एकाच चिन्हात बांधण्याची कल्पना आपल्या बाराखडीशी नाते सांगते. क्री लोकांच्या मौखिक परंपरेत मात्र ही लिपी त्यांच्याच एका पूर्वजाला आत्मलोकातून मिळालेली देणगी मानली जाते, आणि त्या परंपरेचाही मी तितक्याच आदराने उल्लेख करतो. ही लिपी एकमेकांना शिकवत थोड्याच दशकांत विलक्षण वेगाने पसरली आणि क्री समाजातील साक्षरता त्या काळात फार मोठी होती. आपल्या भाषेत वाचता-लिहिता येणाऱ्या लोकांची मुले निवासी शाळेत निरक्षर समजून बसवली गेली, हे विसरू नये.

केतन_प

माझ्या शंकेचे निरसन झाले. मैथिली यांचे आभार. आता त्यांच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. १९७३नंतर सरकारने ‘नियंत्रण’ हे तत्त्व मान्य केले, परंतु प्रत्यक्षात सोपवला तो बहुतांशी कारभार. शाळा चालवायची वस्तीच्या परिषदेने, शिक्षक नेमायचे तिने, पण अभ्यासक्रम प्रांताचा आणि पैशांचे सूत्र केंद्राचे. कायदाही जुनाच राहिला. इंडियन अॅक्टमधील शाळांविषयीची कलमे मुले शाळेत हजर राहावीत याचीच अधिक काळजी करणारी आहेत. १९९६पासून केंद्राच्या अनुदानवाढीवर दरसाल दोन टक्क्यांची मर्यादा होती, आणि लोकसंख्या मात्र त्याहून वेगाने वाढत होती. अशा स्थितीत शाळेला छप्पर नाही, ग्रंथपाल नाही, भाषेचा शिक्षक नाही, याचा दोष मात्र स्थानिक परिषदेवर येतो. अधिकार न देता जबाबदारी देण्याचा हा प्रकार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१४मध्ये केंद्राने मूलनिवासींच्या शिक्षणासाठी एक विधेयक आणले. त्याच्या नावात ‘नियंत्रण’ होते, पैशांचे आश्वासनही होते, पण अंतिम अधिकार मंत्र्याकडे ठेवलेले होते. मूलनिवासी समाजांच्या अनेक प्रमुखांनी कडाडून विरोध केला, असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्स या त्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे प्रमुख शॉन अॅटलिओ यांनी राजीनामा दिला आणि विधेयक बारगळले. चाळीस वर्षांनंतरही वाद त्याच मुद्द्यावर होता.

उत्तररंग

केतन यांच्या मुद्द्याला एक उदाहरण जोडतो. उत्तर ओंटारिओतील अटावापिस्काट या क्री वस्तीतील प्राथमिक शाळेखालच्या जमिनीत १९७९मध्ये डिझेल झिरपले. मुलांना आणि शिक्षकांना त्रास होत राहिला, शेवटी २०००मध्ये इमारत बंद झाली आणि मुले तात्पुरत्या खोल्यांत शिकू लागली. हे तात्पुरतेपण वर्षानुवर्षे टिकले. शॅनन कूस्टाचिन या आठवीतल्या मुलीने आणि तिच्या सोबत्यांनी नव्या शाळेसाठी देशभरातील मुलांना पत्रे लिहायला लावली आणि ती ओटावाला जाऊन मंत्र्यांसमोर बोलली. २०१०मध्ये पंधरा वर्षांची असताना अपघातात तिचे निधन झाले. २०१२मध्ये तिच्या नावाचा ठराव संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने एकमताने संमत केला आणि २०१४मध्ये अटावापिस्काटला नवी शाळा मिळाली. १९७२च्या धोरणपत्रातील इमारती-सुविधांच्या कलमांत सुरक्षित शाळेची जी मागणी होती, तीच ही मुलगी पस्तीसहून अधिक वर्षांनी करत होती.

निवृत्त_मास्तर

हे वाचून फार वाईट वाटले. मग जिथे नियंत्रण खरोखर मिळाले, अशी उदाहरणे आहेत का? आणि तेथे काही फरक पडला का?

मैथिली_रा

आहेत, मास्तर, आणि ती सांगायलाच हवीत, नाहीतर कर्कनेस यांचे काम केवळ कागदावर राहिले असा समज होईल.

पहिले उदाहरण क्री लोकांचेच आहे. क्वेबेकमधील जेम्स बेच्या क्री लोकांनी जलविद्युत प्रकल्पाविरुद्धच्या लढ्यानंतर १९७५मध्ये जो करार केला, त्यातून क्री शाळा मंडळ जन्माला आले. अभ्यासक्रम, शालेय दिनदर्शिका आणि शिकवण्याची भाषा यांविषयी या मंडळाला विशेष अधिकार आहेत. वसंतात हंसांच्या शिकारीच्या काळात कुटुंबे रानात जातात, त्या दिवसांची सुट्टी शाळेच्या वर्षातच धरलेली असते. दुसरे उदाहरण नोव्हा स्कोशियातील मिकमाक लोकांचे. तेथे १९९८च्या कायद्याने शिक्षणाचा अधिकार त्यांच्या समाजांकडे आला, आणि शालेय शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण देशातील इतर राखीव क्षेत्रांच्या तुलनेत पुष्कळ पुढे गेले.

मॅनिटोबातही २०१७मध्ये दहा फर्स्ट नेशन्सनी एकत्र येऊन स्वतःची शाळा-व्यवस्था सुरू केली. सुट्या वस्तीला जे परवडत नाही, म्हणजे भाषातज्ज्ञ, विशेष गरजांच्या मुलांचे शिक्षक, पर्यवेक्षक, ते सर्व एकत्र येऊन उभे करण्याची ही योजना आहे. फ्रंटियर विभागात कर्कनेस सरकारी पर्यवेक्षिका म्हणून जे काम करत होत्या, ते काम आता या समाजांनीच नेमलेले लोक करतात.

अनुदानाची दोन टक्क्यांची मर्यादा २०१६मध्ये उठली, आणि २०१९पासून राखीव क्षेत्रातील शाळांना किमान प्रांताच्या शाळांइतके मूळ अनुदान देणारे नवे सूत्र लागू झाले. त्याच वर्षी मूलनिवासी भाषांचा केंद्रीय कायदा आला. शिक्षणासाठी मात्र २०१४च्या विधेयकानंतर देशव्यापी कायदा झालेला नाही. करार प्रदेशाप्रदेशाने होत आहेत. २०२२मध्ये ब्रिटिश कोलंबियातील चार फर्स्ट नेशन्सनी केलेल्या करारांनी शिक्षक-प्रमाणन आणि शालेय अभ्यासक्रम यांचा अधिकार त्यांच्याकडे आला. केतन, या करारांतील अधिकारांची व्याप्ती आपण मांडलेल्या कसोटीवर किती उतरते, यावर आपण सविस्तर लिहावे. मी त्यात क्री शाळा मंडळाच्या भाषाविषयक कामाची भर घालीन.